हॉट सॉसच्या बाटलीवरचा आकडा नेमका वाचायचा कसा? (तोंड पोळल्यावर सुचलेला धागा)

शेंगाचटणी

लोकहो, आधी फजिती सांगते, मग प्रश्न विचारते.

मी सोलापूरची, आता तीन वर्षं झाली डॅलसजवळ राहते. आमच्याकडे ताटात शेंगाचटणी नसली तर माणसं काहीतरी हरवल्यासारखी इकडेतिकडे बघतात, त्यामुळे मी स्वतःला तिखट खाणारी समजत आले. गेल्या शुक्रवारी ऑफिसात पॉटलक होतं. टीममधल्या एकाने छोटी बाटली आणलेली, लेबलवर कवटी वगैरे, आणि तो प्रत्येकाला टूथपिकच्या टोकावर एकेक ठिपका देत होता. मला हसूच आलं. म्हटलं आम्ही भाकरीबरोबर खरडा खाणारी माणसं, टूथपिक कसलं दाखवतोस, आणि टॉर्टिया चिपवर चटणी घेतात तसं चांगलं चमचाभर घेतलं.

पहिले चार-पाच सेकंद काही नाही. "हे एवढंच?" असं मी बोलून पण गेले. चव म्हणाल तर कडवट, औषधासारखी. मग जिभेच्या मागे घशाच्या तोंडाशी कुणीतरी तापलेला उलथणा टेकवल्यासारखं झालं आणि ते थांबेचना, चढतच गेलं. कान आतून गरम झाले. उचकी लागली. डाव्या डोळ्यातून पाणी, उजव्यातून नाही, का ते देव जाणे. पाणी प्यायले तर जाळ सगळ्या तोंडात पसरला. पँट्रीत कॉफीत घालायच्या दुधासायीच्या त्या इवल्या डब्या असतात ना, त्या मी एकामागून एक फोडून तोंडात ओतल्या. अकरा. नंतर कचऱ्याच्या डब्यात मोजल्या. वीस मिनिटांनी नीट बोलता आलं, पोटातला निखारा रात्रीपर्यंत होता.

आता प्रश्न. मला हॉट सॉस आवडतो हो, रोज सकाळी अंड्यावर घालते, सोडायचा नाहीये. पण दुकानात अख्खी एक रांग बाटल्यांची आणि कशाचा कशाला मेळ नाही. एकीवर मिरचीची तीन चित्रं, दुसरीवर "एक्स्ट्रा हॉट", तिसरीवर कसलातरी लाखातला आकडा. "एक्स्ट्रा हॉट"वाली आणली तर केचपची थोरली बहीण निघाली. तर हे तिखटपण मोजतात कसं आणि आपल्याला झेपेल ते निवडायचं कसं? जाणकारांनी उजेड पाडावा.

लवंगी_फटाका

अकरा डब्या 😂😂 सोलापूरचं नाव घालवलंत ताई

गोडघाशा

मी वाचूनच पाणी प्यायलो. आमच्याकडे आमटीत गूळ कमी पडला तरी तिखट लागते.

अर्धा_चमचा

मी मसाल्याच्या धंद्यात आहे, लॅबमध्येच बसतो, त्यामुळे हे रोजचं काम. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

बाटलीवर जो आकडा असतो तो स्कोव्हिल. विल्बर स्कोव्हिल नावाचा अमेरिकन औषधशास्त्रज्ञ होता, डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत. १९१२ मध्ये त्याने ही पद्धत काढली. गंमत म्हणजे याचा स्वयंपाकाशी काही संबंध नव्हता, अंग शेकायच्या मलमात मिरचीचा अर्क घालायचे त्याचा जोर मोजायला काहीतरी हवं होतं. त्याने काय केलं, वाळलेली मिरची अल्कोहोलात भिजवून अर्क काढला, तो साखरेच्या पाण्यात पातळ करत गेला आणि पाच जणांना चाखायला दिला. पाचातल्या निदान तिघांना तिखट लागायचं बंद होईपर्यंत किती पट पाणी लागलं तो आकडा. म्हणजे ५,००० स्कोव्हिल याचा सरळ अर्थ, एक भाग अर्क ५,००० भाग साखरपाण्यात मिसळला की तिखट जेमतेम जाणवायचं थांबतं. आता यात भानगड तुमच्या लक्षात आली असेल, तिसऱ्या नमुन्यानंतर चाखणाऱ्याची जीभच बधिर.

आता कुणी चाखत नाही. एचपीएलसी मशिनवर (अर्कातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट द्रव्य, आणि त्याचे भाऊबंद किती ते मोजतात आणि साधारण १६ ने गुणतात. एका किलोत १ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे १६ स्कोव्हिल. निव्वळ कॅप्सेसिन १ कोटी ६० लाख, मिरचीचा आकडा त्याच्यापुढे जात नाही.

आता खरी मेख. मिरचीचा म्हणून जो आकडा सांगतात तो वाळलेल्या मिरचीवर काढलेला असतो. कॅरोलिना रीपरने २०१३ मध्ये गिनिजचा विक्रम केला, सरासरी १५,६९,३००. २०२३ मध्ये त्याच शेतकऱ्याच्या, एड करीच्या, पेपर एक्सने तो मोडला, २६,९३,०००. हे सगळे कोरड्या वजनावरचे. ताज्या मिरचीत ८५-९० टक्के पाणीच असतं, म्हणजे ओली मिरची चावली तर त्याच्या दहावा हिस्सा धरा (तेवढाही पुरतो म्हणा). सॉसचा आकडा मात्र बाटलीत जसा आहे तसा मोजतात, पाणी व्हिनेगर सगळ्यासकट. म्हणून मिरचीचा आकडा आणि सॉसचा आकडा शेजारी ठेवून तुलना करायची नाही. आणि काही कंपन्या नेमकं हेच करतात, सॉसच्या लेबलवर आतल्या मिरचीचा आकडा ठोकून देतात. आत ती मिरची चिमूटभर का असेना.

लवंगी_फटाका

बापरे. म्हणजे "जगातल्या सर्वात तिखट मिरचीपासून बनवलेला" असं लिहून आत टोमॅटोच टोमॅटो?

अर्धा_चमचा

होय. तेच.

शेंगाचटणी

@अर्धा_चमचा खूप आभार, हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. मग माइल्ड, मीडियम, हॉट याला काही नियम?

अर्धा_चमचा

काही नाही. प्रत्येक कंपनी आपल्याच दुसऱ्या बाटलीशी तुलना करते. केचपवाल्या कंपनीचं "हॉट" आणि मेक्सिकन कंपनीचं "माइल्ड" यात मेक्सिकन वरचढ निघू शकतं. आपल्याकडे नाही का, पुण्यातल्या मिसळीचं "तिखट" आणि कोल्हापुरातल्या मिसळीचं "मध्यम".

बटाटेवडा_प्लेन

@अर्धा_चमचा यांच्याशी सहमत पण कोल्हापूरची मिसळ तिखटापेक्षा झणझणीत असते, कट लाल दिसतो तेवढा तिखट नसतो, हे मी आधीही लिहिलंय. (त्या धाग्यावर मला किती शिव्या पडल्या ते आठवतंय.)

आजीचा_पाटा

बटाटेवडा म्हणतोय ते खरं आहे. लाल रंग आणि तिखट यांचा संबंध नाही. आमच्याकडे मे महिन्यात मसाला करतात तेव्हा आई ब्याडगी रंगाला घेते आणि संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला, कधी गुंटूर. नुसत्या ब्याडगीचं तिखट केलं तर रस्सा लालभडक आणि खाणारा थंड. नुसत्या लवंगीचं केलं तर उलटं. सॉसलाही हेच लागू असावं, कोणती मिरची आहे ते नाव बघायचं, रंग नाही.

अर्धा_चमचा

अगदी बरोबर, आणि हेच सगळ्यात सोपं. आकडा नसला तरी मिरचीचं नाव लेबलवर असतंच.

हालापेन्यो असेल (२,५०० ते ८,००० ची मिरची) तर सॉस सौम्यच. अमेरिकेत सगळीकडे मिळणारा तो कोंबडावाला श्रीराचा लाल हालापेन्योचाच, सॉस १,००० ते २,५०० च्या घरात, वर साखर आणि लसूण, म्हणून पोरांनाही आवडतो. केयेन किंवा टबॅस्को मिरची (३०-५० हजार) असेल तर मधला. टबॅस्कोचा लाल सॉस २,५०० ते ५,०००, त्यात पहिलं नाव व्हिनेगर, मग मिरची, मग मीठ, संपलं. हाबानेरो किंवा स्कॉच बॉनेट दिसली (१ लाख ते साडेतीन लाख) की हात आखडता. भूत जोलोकिया, स्कॉर्पियन, रीपर ही दहा लाखांच्या पुढची मंडळी.

आणि ती कुठल्या नंबरावर आहे ते बघा. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, तिकडे अमेरिकेतही आणि आपल्याकडेही. भूत जोलोकिया नावात मोठ्ठी आणि यादीत व्हिनेगर, गाजर, कांदा, साखर यांच्यानंतर सहावी, तर घाबरायचं कारण नाही. तीच पहिली असेल तर मग देवाचं नाव घ्या.

शेवटचं. यादीत "एक्स्ट्रॅक्ट" किंवा "ओलिओरेझिन" शब्द दिसला तर ती बाटली वेगळ्या जातीची. त्यात मिरचीतून काढलेला कॅप्सेसिनचा अर्क घातलेला असतो. जाळ भरपूर, मिरचीची चव नाही, कडवट लागतं. ताई, तुम्ही औषधासारखं म्हणालात तेव्हाच मला शंका आली.

शेंगाचटणी

मित्राला मेसेज करून लेबलचा फोटो मागवला. यादीत दुसऱ्याच ओळीत एक्स्ट्रॅक्ट. आकडा एक लाखाच्या वर. मेल्याने आधी सांगायचं ना 🤦‍♀️ (तो म्हणतो, "टूथपिक दिलं होतं की.")

काणकोणकर

आमच्या काणकोणची खोला मिरची कुणी खाल्लीय का? डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते, लालबुंद, तिखट बेताचं, भौगोलिक मानांकनही मिळालंय तिला. रेशाद मसाला करतो आम्ही तो काय वेगळा असतो हॉट सॉसपेक्षा? सुकी मिरची, लसूण, मिरी, जिरं, माडाचं व्हिनेगर घालून पाट्यावर गंधासारखं वाटायचं, बांगड्यात भरायचं. पातळ केला आणि बाटलीत भरला की झाला हॉट सॉस, लोकं उगीच परदेशी बाटलीला पैसे मोजतात.

एक विचारायचं होतं, व्हिनेगरमुळे तिखट कमी होतं का? आमची आई म्हणते वाटून दोन दिवस ठेवला की रेशाद निवतो.

अर्धा_चमचा

कॅप्सेसिनला व्हिनेगर काही करत नाही, ते फक्त पातळ करतं. पण दोन दिवसांत आंबट, खारट, लसूण सगळं एकजीव होतं आणि कच्चा उग्रपणा जातो, त्याला आई निवणं म्हणत असतील तर शंभर टक्के बरोबर. टबॅस्कोवाले मिरचीचा लगदा मीठ घालून ओकच्या पिंपात तीन-तीन वर्षं मुरवतात ते काही तिखट कमी करायला नव्हे.

सावजीचा_पुतण्या

हे सगळे आकडे म्हणजे बनवाबनवी आहे. मी नागपूरकर. टबॅस्को ५,००० म्हणता ना? मी मटणाच्या रश्श्यात पाव बाटली ओतली, कुणाला पत्ता नाही लागला, बायको म्हणे आंबट का झालं. आणि तेच गुंटूरचं तिखट एक चमचा जास्त पडलं तर घरात सगळे रुमाल शोधतात. मग कुठे गेले ते ५,०००?

अर्धा_चमचा

पुतणेसाहेब, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. अंदाजे हिशोब मांडतो, पाकीट-चमच्यात थोडं इकडेतिकडे होईल.

गुंटूरचं तिखट ३५,००० चं धरू. सपाट चमचा म्हणजे अडीच ग्रॅम. अर्धा किलो रश्श्यात घातलं. ३५,००० गुणिले अडीच भागिले ५०० म्हणजे १७५. तुमचा चमचाभर तिखटाचा रस्सा झाला पावणेदोनशे स्कोव्हिलचा. तेवढ्याच रश्श्यात टबॅस्कोचा चमचा, ५ ग्रॅम, ३,५०० चा. उत्तर ३५. म्हणजे तिखटाच्या चमच्याचा पाचवा भाग. रश्श्यात हरवला तर नवल काय. पण तोच टबॅस्को जिभेवर सरळ टाकला तर ३,५०० चा, म्हणजे तुमच्या रश्श्याच्या वीस पट.

आपण लोक इथेच फसतो. आपलं तिखट सगळं पदार्थात विरघळलेलं असतं, तेलात, नारळात, दाण्याच्या कुटात. सॉस हा कच्चा माल आहे आणि आपण तो तयार पदार्थासारखा जिभेवर घेतो.

सावजीचा_पुतण्या

बरं. आणि ठेचा? ठेचा तर सरळच खातो आपण.

अर्धा_चमचा

वा, हा प्रश्न आवडला. तिखट हिरवी मिरची कोरड्यावर ५०,००० धरू. ओली म्हणून त्याच्या दहावा हिस्सा, ५,०००. ठेच्यात लसूण, दाणे, मीठ, तेल मिळून वजन जवळपास दुप्पट, म्हणजे आला अडीच हजारावर. तुमचा झणझणीत ठेचा आणि टबॅस्को एका पंगतीला बसतात. फक्त ठेचा भाकरीच्या तुकड्याला बोटभर लावून खातो, आणि वर तेल असतं.

आता शेंगाचटणी ताईंचा चमचा. एक लाख भागिले अडीच हजार, म्हणजे ठेच्याचे चाळीस चमचे एका घासात. अकरा डब्या कमीच लागल्या.

लवंगी_फटाका

सोलापूरची अब्रू परत मिळाली 🙏 शब्द मागे घेतो

शेंगाचटणी

😄 हे नवऱ्याला वाचून दाखवलं. आता एक शंका, पहिले काही सेकंद काहीच का लागलं नाही? हिरवी मिरची चावली की ताबडतोब कळतं.

वैदूबाबा

(डॉक्टर नाही, नाव नुसतं आहे. शरीरशास्त्र शिकवतो.)

तिखट ही चव नाहीच मुळात. गोड आंबट खारट ओळखतात तसे तिला ओळखणारे स्वादांकुर जिभेवर नाहीत. तोंडात उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या नसांवर टीआरपीव्ही१ नावाचं एक दार असतं, ते साधारण ४३ अंशांच्या पुढे उघडतं, म्हणजे चहा फार गरम आहे हे सांगायला. कॅप्सेसिन जाऊन नेमकं तेच दार उघडतं. मेंदूला वाटतं तोंड भाजलं. भाजलेलं काहीच नसतं. हे दार शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं (अर्ध्याचे मानकरी आर्डेम पाटापुटियन, स्पर्शाच्या संशोधनासाठी). पक्ष्यांचं दार कॅप्सेसिनने उघडत नाही, म्हणून पोपट मिरची मजेत खातो.

त्यामुळेच गरमागरम रश्श्यात तिखट जास्त लागतं आणि तेच दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढून गार खाल्लं तर कमी. दार आधीच अर्धं उघडं असतं ना.

उशिरा लागण्याबद्दल, हाबानेरो, भूत जोलोकिया या कुळातल्या मिरच्या दमाने चढतात, मागे घशात, आणि मुक्काम ठोकतात. हालापेन्यो पुढे जिभेच्या टोकावर चटकन लागते आणि चटकन उतरते. म्हणून नवा सॉस चाखताना एक थेंब घेऊन निदान दोन मिनिटं गप्प बसावं. लोक पाच सेकंदात "काही नाही" म्हणून दुसरा थेंब घेतात आणि मग दोन्ही थेंब एकदम भेटतात.

आजीचा_पाटा

आणि बी काढली की तिखट जातं म्हणतात ते?

वैदूबाबा

बी तिखट नसते. बी जिला चिकटलेली असते ती आतली पांढरी शीर तिखट, सगळा माल तिथे तयार होतो. बी काढताना शीर निघते म्हणून फरक पडतो.

सोलमधला_सोलापूरकर

शेंगाचटणी, गाववाले! मी नोकरीनिमित्त दक्षिण कोरियात. इकडे गोचुजांगच्या (मिरचीची आंबवलेली घट्ट चटणी) लाल डब्यावर तिखटाच्या पाच पायऱ्या छापलेल्या असतात, सगळ्या कंपन्यांना एकच मोजमाप. दुकानात उभं राहून दहा सेकंदात निवडता येतो. तिखटाच्या बाबतीत इतकी शिस्त मी कुठे बघितली नाही.

त्या कोरियन "अग्निकोंबडी" नूडल्सचं प्रकरण आठवतं का? २०२४ च्या जूनमध्ये डेन्मार्कने सामयांग कंपनीची तीन पाकिटं दुकानातून काढायला लावली होती, महिन्याभरात त्यातली दोन परत आली, तिप्पट तिखटवालं नाही आलं. लोक हसले, म्हणाले डॅनिश लोकांना मिरी पण तिखट लागते. पण त्यांचा मुद्दा अर्धा_चमचा म्हणतात तोच होता, तिखट किती लागतं हे नाही, एका पाकिटातून पोटात एकूण कॅप्सेसिन किती जातं हे.

दोन_पिलांची_आई

छान माहिती. माझा सहा वर्षांचा मुलगा बाबाचं बघून सॉस मागतो आणि सासऱ्यांना ॲसिडिटी, त्यांनाही पिझ्झ्यावर हवाच असतो. दोघांना चालेल असं काही?

आजीचा_पाटा

मुलाला श्रीराचाचे चार थेंब घट्ट दह्यात किंवा मेयोनीजमध्ये फेटून द्या, गुलाबी दिसतं, खूश होतो. माझी भाची असंच शिकली. पण बाटली वरच्या फळीवर ठेवा, मुलं एकदा शिकली की स्वतः ओततात आणि तोच हात डोळ्याला.

सासऱ्यांचं मात्र तिखटापेक्षा व्हिनेगर बघा. पातळ लाल सॉस बहुतेक व्हिनेगरचेच, ते कितीही कमी तिखट असले तरी आंबट आहेतच, आणि मीठही बरंच. ॲसिडिटी जुनी असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा बाई, धाग्यावर नको.

बटाटेवडा_प्लेन

हाताचं निघालंच आहे तर, मिरची लागलेला हात आधी गोडंतेल चोळून मग साबणाने धुवायचा. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी तर घोकून ठेवा. मला कसं माहीत ते विचारू नका.

गोडघाशा

तोंडालाही तेल चोळायचं का मग 😀 बिअर चालते म्हणतात.

वैदूबाबा

बिअरमध्ये अल्कोहोल पाच टक्के, बाकी पाणीच, काही होत नाही, फक्त दुःख विसरतं. दूध सगळ्यात बरं. त्यातलं केसिन कॅप्सेसिनला धरून धुऊन नेतं. साय पाहिजेच असं नाही, बिनसायीच्या दुधानेही उतार पडतो. दही, ताक, लस्सीही चालते. दूध नसेल तर साखर तोंडात धरा, स्कोव्हिलने साखरेचंच पाणी घेतलं होतं ना.

टेक्सासचा_तुक्या

मी ऑस्टिनमध्ये, घरात या घडीला चौदा बाटल्या आहेत (बायकोचं मत वेगळ्या धाग्यात). ताईंनी निवडायचं कसं विचारलं होतं, त्यावर कुणी सरळ बोललं नाही म्हणून लिहितो.

आधी ठरवा सॉस कुठे जाणार. ओतायचा असेल, म्हणजे अंडं, टाको, पॉपकॉर्न, तर अडीच हजाराच्या खालचा घ्या. मेक्सिकोचा पिवळ्या लेबलचा व्हॅलेंटिना हजाराच्या आतबाहेर असतो, मोठी बाटली स्वस्तात मिळते, मी तो वरणभातावर पण घालतो, हसा खुशाल. शिंपडायचा असेल तर पाच-दहा हजारांपर्यंत. एल युकाटेकोचे हाबानेरो सॉस इथे कुठल्याही दुकानात मिळतात, त्यात एक मजा बघा, हिरवा सुमारे ८,९०० आणि लाल सुमारे ५,८००. सगळे हिरवा बघून सौम्य समजतात आणि फसतात, मीही फसलो. पन्नास हजाराच्या पुढचं काहीही जिभेवर नको, ते पातेल्यात. मी भुताचा सॉस दोन थेंब राजम्यात घालतो, भांडंभर राजम्याला धुराचा मस्त वास येतो आणि तिखट जेवढ्यास तेवढं.

दुसरं, एकदम वरची पायरी चढू नका. आपण दोन-तीन हजारांत आरामात असू तर पुढची बाटली दुप्पट-तिप्पट, दहापट नाही. महिनाभर रोज खाल्लं की सहन होऊ लागतं हे खरंय, पण महिनाभर बंद केलं की परत खालीही येतो माणूस. मी भारतात आईकडे जाऊन परत आलो की होतं असं. आई बीपीमुळे तिखट बंद केलेली.

तिसरं, उघडलेली बाटली काळपट झाली की खराबच झाली असं नाही पण चव गेलेली असते. फ्रीजमध्ये ठेवा. आणि छोटी बाटली घ्या, मोठी संपत नाही.

एक्स्ट्रॅक्टवाली घरात आणूच नका. पैज लावायला सोडून तिचा उपयोग नाही.

वैदूबाबा

पैजेबद्दल +१००. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये चौदा वर्षांचा मुलगा तसल्या एका अतितिखट चिपच्या चॅलेंजनंतर गेला, त्याला हृदयाचा दोष आधीपासून होता, पण कंपनीने माल बाजारातून काढला. घरात पोरं असतील तर हे व्हिडिओ बघून करतातच.

काणकोणकर

तुक्याभाऊ, वरणभातावर व्हॅलेंटिना?? 😶

टेक्सासचा_तुक्या

लिंबाऐवजी. आधी खाऊन बघा मग बोला.

शेंगाचटणी

अपडेट द्यायला आले.

शनिवारी दुकानात गेले, त्या रांगेपुढे अर्धा तास बाटल्या उलट्या धरून मागची बारीक अक्षरं वाचत उभी होते, दुकानातला मुलगा येऊन विचारून गेला काही मदत हवी का. नावात भूत असलेल्या एकात खरंच मिरची सातव्या नंबरावर, पहिलं पाणी, दुसरी साखर! ठेवून दिली. पिवळ्या लेबलची मोठी बाटली घेतली अंड्यासाठी आणि एल युकाटेकोचा लाल, छोटा. घरी येऊन गार भाताच्या घासावर एक थेंब घालून घड्याळ लावून बसले. चाळीसाव्या सेकंदाला आला. घशात, हळूच, आणि मागून हाबानेरोचा तो फळासारखा वास, जर्दाळूच्या जवळचा, तो इतके दिवस कधी कळलाच नव्हता कारण मी थेंब मोजतच नव्हते. नवऱ्याने शेंगाचटणीत घालून बघितला, त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

आणि हो, आज ऑफिसात तो मित्र परत घेऊन आला ती बाटली. सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून नाही म्हणता आलं नाही. टूथपिकच्या टोकावर घेतलं. ठिपका. टूथपिक पुसून.

लवंगी_फटाका

मग? किती डब्या?

शेंगाचटणी

दोन. आणि उचकी.